नऊ महिने मशीन बंद: धूप, निंबोळी तेल, गवती चहा आणि मच्छरदाणी

निमित्त धाकट्याच्या खोकल्याचं. रात्री डासांचं लिक्विड मशीन लावलं की पहाटे तीन-साडेतीनला त्याला ढास लागायची. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बंद ठेवून बघा. गेल्या जूनची गोष्ट. पाऊस तोंडावर आणि आम्ही सांगवीत, नदीपासून दोन गल्ल्या आत. मशीन बंद केलं त्या रात्रीपासून डास परत आले, ढास मात्र आठवड्याभरात कमी झाली. म्हणजे मशीनकडे परत जायची सोय उरली नाही.

पहिला उपाय अर्थातच सासूबाईंचा. गावी गोठ्यात दिवेलागणीला गोवरीवर कडुनिंबाचा पाला टाकतात, तेच इथे धुपाटण्यात. पाला अर्धवट वाळलेला लागतो; ओला नुसता धुमसतो, कडकडीत वाळलेला भडकतो. दारं-खिडक्या लावून पंधरा मिनिटं धूर केला की डास खरंच नाहीसे होतात. मी घड्याळ लावून बसले होते. खिडकी उघडल्यावर पाऊण तासात पहिला डास कानाशी हजर. आणि पहाटे पुन्हा ढास.

“अगं, हा काय केमिकलचा धूर आहे का? झाडाचा आहे.”

“आई, त्याच्या छातीला झाड कळत नाही हो.”

त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच धुपाटणं माळ्यावर टाकलं. धूर कॉईलचा असो की कडुनिंबाचा, बारीक कण छातीत जायचे ते जातातच. गोठ्याला भिंती नसतात, टू बीएचकेला असतात.

मग मशीनच्या रिकाम्या बाटलीत निंबोळी तेल आणि कापूर भरायचा तो सगळीकडे फिरणारा प्रयोग. करू नका. निंबोळी तेल इतकं जाड की वातीतून धड वर चढत नाही. तिसऱ्या दिवशी वात काळी पडली आणि प्लगपाशी जळका वास यायला लागला. वाटीत पाणी आणि त्यात कापूर, हेही केलं. खोलीला देवघराचा वास आला, डास होते तिथेच. उलट धास्ती वाढली, कारण कापराची वडी लहान मुलाने गिळली तर झटके येऊ शकतात. आमच्याकडे डबा आता वरच्या फळीवर असतो.

अंगाला लावायच्या तेलांनी मात्र थोडी साथ दिली. दहा चमचे खोबरेल तेलात एक चमचा निंबोळी तेल, हे आमचं माप. वास उग्र, कडवट, काहीसा लसणीसारखा. थोरलीने दुसऱ्याच दिवशी नकार दिला, उशांच्या अभ्र्यांवर पिवळे डाग पडले, आणि डिसेंबरात बाटली अशी थिजली की शेगडीजवळ ठेवूनच पातळ करावी लागायची. पण लावल्यापासून तासभर पायांना डास बसत नव्हते. घाम आला की हिशोब संपला. सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाचा वास त्यापेक्षा कितीतरी बरा. पण ते उडून जाणारं तेल, म्हणूनच वास घमघमतो आणि म्हणूनच टिकत नाही. आमच्याकडे तासाच्या आतच पुन्हा लावावं लागलं. तसंच नुसतं लावलं तर पुरळही उठतं, माझ्या मनगटावर उठलं होतं.

निलगिरीचा घोळ वेगळा. सर्दीला मिळतं ते निलगिरी तेल आणि डासांवर नाव झालेलं लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल, ही दोन वेगळ्या झाडांची तेलं. दुसऱ्यापासून काढलेला पीएमडी नावाचा घटक बराच वेळ काम करतो, पण अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था तो तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका म्हणते. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने मला पहिलंच तेल दिलं आणि मीही महिनाभर तेच चोळत बसले.

आता कुंडीची गंमत. नर्सरीवाल्याने “डास पळवणारं झाड” म्हणून दिलेलं रोप म्हणजे साधा गवती चहा निघाला. सिट्रोनेलाचा भाऊबंद, पण तो नव्हे. शिवाय कुठलंही झाड नुसतं उभं राहून डास पळवत नाही; पान चुरगाळलं तरच तेल बाहेर येतं. ऑगस्टमध्ये थोरलीला दुपारी अभ्यासाला बसल्यावर घोट्यापाशी डास चावायला लागले. काळे, पायांवर पांढरे पट्टे. एडिस, डेंग्यूचा, दिवसा चावणारा. म्हणजे रात्रीच्या मशीनचाही याच्यावर फारसा उपयोग नव्हताच. घरभर शोधलं आणि टॉर्च मारला तेव्हा त्या गवती चहाच्याच कुंडीखालच्या बशीत अळ्या. बोटभर पाण्यात डोकं खाली करून लटकलेल्या, उजेड पडला की वळवळत तळाला जाणाऱ्या. डास पळवणारं झाड डासांचं बाळंतपण करत होतं!

अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर रविवारी कोरडा दिवस, म्हणजे घरातलं साठलेलं पाणी ओतून टाकायचं. बशी नुसती पालथी करून भागत नाही. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. काथ्याने घासावी लागते. फ्रिजमागचा ट्रेही ओढून बघा, आमच्याकडचा तर सहा वर्षांत कुणी पाहिलेला नव्हता. सोसायटीच्या हौदात गप्पी मासे सोडले, ते आरोग्य खात्याकडून फुकट मिळाले. घासाघाशी सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत दुपारचे डास जवळजवळ संपले. इतका फरक एकाही तेलाने पडला नव्हता.

रात्रीचे क्युलेक्स जातीचे डास मात्र आपल्या बशीतले नसतात. ते घाण पाण्यावर वाढतात, फेब्रुवारीत नदीत जलपर्णी माजली की झुंडीने येतात. त्यांच्यासाठी खिडक्यांना नायलॉनची जाळी, पंखा आणि मच्छरदाणी. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्यात त्याला धड बसता येत नाही, त्यामुळे टेबलाखाली ठेवलेला छोटा पंखा हा माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेला उपाय. जाळीचं वेल्क्रो पावसाळ्यात सुटलं. भिंतीला ओल असेल तर उन्हाळ्यातच चिकटवा.

मच्छरदाणीला घरात विरोध होता, गुदमरतं म्हणून. आठ दिवसांत सवय झाली, आता धाकटा तिला तंबू म्हणतो. झोपेत पाय जाळीला टेकला तर डास बाहेरून चावतो, म्हणून पलंगापेक्षा वीतभर मोठी घ्या. आणि घेताना गादीची जाडीही मोजा. आमची पहिली घडीची मच्छरदाणी आठ इंची गादीवर टाकल्यावर कडेने चार बोटं वरच राहिली, खोचायला कापडच उरलं नाही. ती आता आईंच्या जुन्या कापसाच्या गादीवर बसते.