आय ५ की आय ७ ते नंतर, आधी शेवटचं अक्षर बघा: यू घ्यायचा की एच?

लॅपटॉप घेताना सगळे विचारतात आय ५ घेऊ की आय ७, आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेपटाला जे अक्षर लटकलेलं असतं त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. खरी गोम तिथेच आहे.

इंटेलचे दोन प्रोसेसर घ्या, कोअर अल्ट्रा ७ १५५यू आणि कोअर अल्ट्रा ७ १५५एच. आकडा अगदी तोच, पण यूमध्ये दमदार कोअर (कोअर म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग, त्यातल्या दमदारांना पी कोअर म्हणतात) फक्त २ आणि एचमध्ये ६! बेस पॉवर, म्हणजे साधारण किती वीज खातो ते, यूची १५ वॅट, एचची २८. चिपमधलं ग्राफिक्सही एचमध्ये दुप्पट युनिटचं. त्याच्या आधीच्या १३व्या पिढीत तर अजून गंमत, आय ७-१३५५यूमध्ये पी कोअर २ आणि आय ५-१३५००एचमध्ये ४, म्हणजे जड काम आलं की धाकटा थोरल्याला आरामात मागे टाकतो आणि आपण आपले आय ७ आय ७ करत बसतो.

मग डोळे झाकून एच घ्यायचा का, तर नाही. माझा आधीचा लॅपटॉप एचवाला होता, कंपनीचं नाव सोडा, चार टॅब उघडून मेल लिहीत बसलो तरी फॅन मिक्सरसारखा सुरू व्हायचा, चार्जर विटेएवढा आणि तो घरी विसरलो की दुपारनंतर माझी तारांबळ. आता यू वापरतोय, दिवसभर लिहिणं, एक्सेल, व्हिडिओ कॉल यात मला तरी काही कमी पडलं नाही. त्यामुळे कॉलेज-ऑफिसचं काम आणि रोज बॅगेत घेऊन फिरायचं असेल तर यू. व्हिडिओ एडिटिंग, गेमिंग, मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणं असलं काही रोजचं असेल तर एच, आणि वजन-आवाज सहन करा. एचएक्स म्हणजे तर जवळजवळ डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपमध्ये कोंबलेली, तो टेबलावरून हलणारच नसेल तरच.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरमध्येही यू आणि एच साधारण याच अर्थाने, मधला एचएस म्हणजे जरा सडपातळ लॅपटॉपसाठीचा. पण तिथे नुसतं अक्षर बघून भागत नाही. सात हजारच्या सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, रायझन ५ ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, २०१९ मध्ये आलेली रचना, आणि ७६४०यूमधला ४ म्हणजे झेन ४. दोन्हीवर रायझन ५, दोन्हीवर यू, आणि आत जमीन-अस्मानाचा फरक. हे नाव ठेवणाऱ्यांना कोपरापासून दंडवत.

लिस्टिंगमध्ये नुसतं 'आय ७' किंवा 'रायझन ५' लिहिलं असेल तर पूर्ण मॉडेल नंबर विचारा, सांगत नसतील तर पुढे चला.

डेस्कटॉप जोडणाऱ्यांसाठी अक्षरं वेगळी. इंटेलचा के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो (ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो), ते करणारच नसाल तर के साठी जास्त पैसे मोजायची फारशी गरज नाही. एफ मात्र नीट बघा, त्यात ग्राफिक्सच नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर एफ स्वस्तात पडतो, नसाल तर मदरबोर्डच्या पोर्टात केबल कितीही आत-बाहेर करा, स्क्रीन काळी ती काळीच.