फेमस जागा की ऑफबीट जागा? कमीत कमी वाट लावून फिरायचं असेल तर कुठे जावं

फिरायला जायचं ठरलं की हल्ली ग्रुपमध्ये एक तरी जण म्हणतोच, नको ते गर्दीचं ठिकाण, तिथली आधीच वाट लागलीय, आपण कुठेतरी ऑफबीट जाऊ, जिथे कोणी जात नाही, म्हणजे आपला त्रासही कोणाला नको. ऐकायला एकदम पटतं. मीही कित्येक वर्षं हेच धरून होतो, पण दोन्हीकडे भरपूर फिरून झाल्यावर आता माझं मत जवळपास उलटं झालंय. तुमचं अजून ठरत नसेल तर दोन्ही बाजू मांडतो, मग तुमचं तुम्ही बघा.

आधी कचरा आणि सांडपाणी, कारण माझं मत तिथेच फिरलं. डोंगरातलं एक लहानसं गाव, पाच-सहा घरं पाहुणे ठेवणारी, आम्ही सगळे खूश, हॉटेल नाही, गोंगाट नाही, किती साधं वगैरे. सकाळी घरामागे सहज चक्कर मारली तर एक खड्डा दिसला आणि त्यात आमचीच कालची वेफर्सची पाकिटं, आमच्याच पाण्याच्या बाटल्या, अर्धवट जळून चिकटलेल्या, एकीवरचं लेबल तर अजून वाचता येत होतं. घरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, इथे कचऱ्याची गाडी येत नाही, मग जाळणार नाहीतर काय करणार. त्याची काहीच चूक नव्हती. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या जो कचरा निघत होता तो कुजून जाणारा होता, न कुजणारा आम्ही पाठीवरून वाहून नेला होता.

तर मुद्दा असा की फेमस जागेत माणसं जास्त, पण बहुतेक वेळा संडास, सांडपाण्याची लाईन, कचऱ्याची गाडी, आखलेली पायवाट, रखवालदार यातलं निदान काहीतरी असतं. ऑफबीट जागेत माणसं कमी पण व्यवस्था शून्य, त्यामुळे दहा जणांची घाणसुद्धा जिथल्या तिथे राहते.

फेमस जागा पवित्र आहेत असं नाही हां. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट बघा, हॉटेलं वाढत गेली आणि कित्येकांचं सांडपाणी थेट समुद्रात, शेवटी सरकारने एप्रिल २०१८ मध्ये सहा महिने अख्खं बेटच पर्यटकांना बंद केलं. थायलंडमधली माया बे पण तशीच, एवढीशी खाडी आणि दिवसाला ५,००० च्या वर माणसं, बोटींच्या नांगरांनी प्रवाळाचा चुरा. ती जून २०१८ ला बंद केली ती थेट जानेवारी २०२२ ला उघडली. पण आता बोटी खाडीत घुसू देत नाहीत, मागच्या बाजूला धक्का बांधलाय तिथे उतरायचं, पोहायला बंदी, आणि काळ्या टोकाच्या पंखांचे ते छोटे शार्क परत दिसायला लागलेत. म्हणजे आज माया बेला गेलात तर तुमच्या हातून मोठं नुकसान होणं तसं अवघड आहे, कारण ते होऊ नये याची सोय दुसऱ्या कोणीतरी आधीच केलीय.

आता याच्यासमोर आइसलँडमधली फ्याद्रारग्ल्यूफूर नावाची घळ ठेवा (नाव नीट उच्चारता आलं तर मला शिकवा). ती आधी फारशी कोणाला माहीत नव्हती. २०१५ मध्ये एका जगप्रसिद्ध पॉप गायकाचा व्हिडिओ तिथे शूट झाला आणि पुढच्या काही वर्षांत लाखो लोक येऊन गेले. तिथली शेवाळाची गादी दिसायला दणकट, पण एकदा तुडवली की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. त्यात बर्फ वितळला की पायवाटेवर चिखल, मग चिखल चुकवायला लोक कडेच्या शेवाळावरून चालणार, ते मेलं की त्याच्याही कडेने चालणार, अशी वाट रुंद होत जाते. २०१९ मध्ये ती जागा काही महिने बंदच ठेवावी लागली. मुद्दाम नासधूस कोणीच केली नव्हती, प्रत्येकाने फक्त बूट वाचवले.

म्हणून तो आपला 'हिडन जेम' वाला रील आणि त्याला लोकेशन टॅग, हे मला प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा घातक वाटतं. बाटली परत उचलून आणता येते.

पैशाचं मात्र गणित वेगळं आहे आणि इथे ऑफबीटचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. फेमस ठिकाणी तुम्ही मोठ्या हॉटेलात राहिलात, पॅकेज बाहेरच्या कंपनीचं, बुकिंग ॲपवरून, तर तुमच्या खर्चातला बराचसा भाग त्या गावात पोहोचतच नाही. लहान गावात घरमालकाच्या हातात दिलेले पैसे त्याच्याच घरात राहतात. पण थोडं खोलात जाऊन विचारा, घर खरंच तिथल्याच माणसाचं आहे ना. कित्येक 'होमस्टे' बाहेरच्या माणसाने भाड्याने घेऊन चालवलेले असतात, आणि गावातली बाई तिथे पगारावर चादरी बदलत असते. आणि फेमस जागेतही पैसे गावात ठेवता येतात, फक्त राहायला लागतं. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलं, आणि रात्री मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट दिली. यातच सगळं आलं. सकाळी येऊन फोटो काढून संध्याकाळी निघून जाणारा माणूस त्या शहराला नकोसा झालाय, राहणारा चालतो. पण राहताय म्हणून लोकांच्या घरांचीच लॉज करून टाकू नका, त्या जुन्या शहरात १९५० च्या दशकात पावणेदोन लाखाच्या आसपास लोक राहायचे, आता ५०,००० सुद्धा उरले नाहीत. याला एकटं पर्यटन कारण नाही, पण फ्लॅट रहिवाशाला देण्यापेक्षा टुरिस्टला देण्यात फायदा असेल तर रहिवासी टिकणार कसा. त्यामुळे अशा शहरात मी तरी लायसन्स असलेलं साधं हॉटेलच घेतो, 'लोकल फील' मिळाला नाही तरी चालेल.

माणसांशी कसं वागायचं हा भाग दोन्हीकडे तितकाच नाजूक, पण चूक कळायची पद्धत वेगळी. फेमस जागेत बोर्ड असतो, गाईड ओरडतो, दंड होतो. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूचं उदाहरण घ्या, तो प्रचंड खडक तिथल्या अनांगू लोकांसाठी पवित्र, ते कित्येक वर्षं विनंती करत होते की वर चढू नका, तरी लोक चढतच होते, शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंदी आली. आता तिथे तुमचं तुम्हाला ठरवायचंच नाही. लहान गावात असा बोर्ड नसतो आणि पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची पद्धतही नसते. मी एकदा ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो घ्यायला फोन वर केला, तो काही बोलला नाही, फक्त हळूच तोंड भिंतीकडे वळवलं. मी तरीही क्लिक केलं होतं. तो फोटो नंतर डिलीट केला पण त्याला ते कुठे माहितीय.

आणि आपण गेलो तर जागा छोटीच राहील हा भ्रम नको. ऑस्ट्रियातलं हालस्टाट हे जेमतेम ७५०-८०० वस्तीचं गाव, सीझनमध्ये दिवसाला १०,००० पर्यंत माणसं, २०२३ मध्ये सेल्फीच्या जागेवर लाकडी कुंपण घालून पाहिलं, बोंबाबोंब झाल्यावर काढलं, मग त्याच वर्षी गावकऱ्यांनी रस्ता अडवून निदर्शनं केली. तेही कधीकाळी कोणाचं तरी ऑफबीटच होतं.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीत देशांतर्गत विमानाला माणशी दर किलोमीटरला साधारण २५० ग्रॅम कार्बन धरतात, रेल्वेला ४० च्याही खाली. कारचा आकडा १७० च्या आसपास, पण तो अख्ख्या गाडीचा, चौघं बसलात तर चौघांत वाटला जातो. फेमस जागेला बहुतेक वेळा ट्रेन किंवा बस असते, ऑफबीटला शेवटचे शंभर किलोमीटर स्वतंत्र गाडी. एकटे किंवा दोघं असाल तर इथेच निकाल लागतो. विमानाने जायचंच असेल तर एकदाच जा आणि जास्त दिवस राहा, दोन-दोन दिवसांच्या चार ट्रिपा नको.

मग मी काय निवडेन? फेमस जागा, पण सीझन टाळून, आठवडाभर एकाच ठिकाणी, मुख्य पॉइंटला भल्या सकाळी जाऊन यायचं आणि बाकी वेळ शेजारच्या गल्ल्यांत. पहिल्यांदा जाणाऱ्याला, लहान मुलं असलेल्याला, मोठ्या ग्रुपला तर मी डोळे झाकून हेच सांगेन. मोठ्या ग्रुपने ऑफबीटचं नावच काढू नये, वीस माणसं आली की पाच घरांच्या गावाची विहीर तळाला जाते.

ऑफबीट कोणासाठी, तर दोघं-तिघं असाल, गैरसोयीची तक्रार करणार नसाल, आपला कचरा आपल्याच बॅगेतून परत आणणार असाल त्यांच्यासाठी. त्यातही ज्या जागेने स्वतःच आपले नियम ठरवलेत ती आधी बघा. पालाऊ नावाचा पॅसिफिकमधला बेटांचा छोटासा देश, तिथे डिसेंबर २०१७ पासून पासपोर्टवर एक प्रतिज्ञा शिक्का मारून देतात, तिथल्या मुलांना उद्देशून, की मी तुमच्या बेटाची नासधूस करणार नाही, आणि त्यावर सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत. प्रवाळाला अपायकारक सनस्क्रीनही २०२० पासून बंद. भूतानमध्ये पर्यटकांकडून दर रात्रीचं शुल्क घेतात (भारतीयांना कमी आहे), मुद्दामच, गर्दी कमी यावी म्हणून. लोक याला महाग म्हणून नावं ठेवतात. मला तर उलट बरं वाटतं, निदान किती पाहुणे झेपतील याचा विचार घरच्यांनी केलेला असतो.

आणि नियम वगैरे काहीच नसलेल्या जागी जायचं असेल तर बुकिंगआधी घरमालकाला फोन करून तीन गोष्टी विचारा. कचरा कुठे जातो, उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, आणि आम्ही कुठे गेलेलं तुम्हाला आवडणार नाही. तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण आधी हसतात, 'कुठेही फिरा' म्हणतात. जरा थांबा, फोन ठेवायची घाई करू नका, मग हळूच सांगतात की त्या टेकडीमागच्या तळ्यावर तेवढं जाऊ नका.