लग्नाचा बस्ता: जुन्या पेढीत बांधावा की नव्या शाखेत?

गेल्या मार्गशीर्षात पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधताना बेळगावातल्या एका जुन्या कापड दुकानाच्या दोन शाखांत मिळून आमचे तीन दिवस गेले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे एक तक्रार यायची आहे आणि मालकांशी आमचा दोन पिढ्यांचा घरोबा आहे.

मूळ दुकान खडेबाजारात असून नवी चार मजली शाखा टिळकवाडीत आहे. या शाखेत जिन्यालगतची सगळी भिंत घराण्याच्या इतिहासाला दिली आहे. पहिले फोटो आजोबांचे, नंतरचे उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचे. मला मात्र या भिंतीवर जे नाही त्याचेच अधिक कुतूहल वाटले. आजोबा शहापूरच्या मागांवरची लुगडी खांद्यावर घेऊन बेळगावच्या गल्ल्यांत विकायचे, असे आमच्या घरात सांगतात. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजी अमलात, म्हणजे तेवढ्या चार पावलांत ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येत असत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. पण सीमेपलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला राहिलेल्या चंदगडच्या गिऱ्हाइकाने वाट बदलली नाही आणि आजही तिकडचे बस्ते याच बाजारात बांधले जातात. दुकानाच्या पाटीवर नव्या नियमाप्रमाणे ६० टक्के जागा कन्नडला आहे. काउंटरवर मात्र एकाच वाक्यात कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा नांदतात आणि त्यात कोणाला काही वेगळे वाटत नाही. (याच गावात १८८८ मध्ये किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले होते. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले आणि मागे रस्त्याला नाव तेवढे उरले. या घराण्याने गाव सोडले नाही, ही गोष्ट म्हणून मला लहान वाटत नाही.)

खडेबाजारच्या दुकानात अजून पांढरी गादी आहे. तिथले वयस्कर मामा समोर पाच साड्या टाकतात, त्याहून जास्त नाहीत, आणि गिऱ्हाईक काय बघते याकडे लक्ष ठेवून सहावी काढतात. इरकल मागितल्यावर त्यांनी ती उलटी केली आणि पदर जिथे सुरू होतो तिथे माझे बोट ठेवले. ‘वैनी, हात लावून बघा की,’ एवढेच म्हणाले. अंगाचे उभे धागे सुती आणि पदराचे रेशमी, म्हणून दोन्हींची टोके फाशाफाशाने एकमेकांत अडकवून पदर जोडावा लागतो. इरकलीचे मूळ गाव इलकल, तिकडचे विणकर या जोडकामाला टोपे-तेनी म्हणतात. बोटाखाली तो जोड आडव्या बारीक कण्यासारखा लागतो. यंत्रमागावरच्या नकलेत रंग बदलतो, पण धागा तोच पुढे जातो आणि बोटाला काहीच लागत नाही.

हे मला आधी ठाऊक असते, तर आदल्या दिवशी टिळकवाडीच्या शाखेत फसले नसते. तिथे उजेड चांगला, मुलांचे कपडे भरपूर, आहेराची टॉवेल-टोपी एकगठ्ठा मिळते आणि बसायला खुर्च्या आहेत. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर झाल्याने २,४९९ च्या चिठ्ठ्यांचे कपडे रांगेने टांगलेले दिसतात, तेही सोयीचेच. मात्र ‘हातमागाची’ म्हणून तेथे मला विकलेली इरकल मामांच्या एका बोटात उघडी पडली. परत घेऊन गेले, तर ती विकणाऱ्या तिथल्या मुलाने वाद घातला नाही. पैसे मात्र न देता तीन महिन्यांच्या मुदतीची क्रेडिट नोट हातात ठेवली.

ती नोट मी खडेबाजारात आणली, तेव्हा गल्ल्यावरच्या धाकट्या मालकांनी ती वाचून सावकाश परत दिली. ‘ते दुकान दादांचं,’ ते म्हणाले. भावाभावांत वाटणी झाली आहे, नाव तेवढे दोघांनी ठेवले आहे. मग मी दोन्ही बिले शेजारी ठेवली. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि कर्नाटकाचे २९ दोन्हींवर होते. पुढची दहा अक्षरे पॅन क्रमांकाची, आणि ती मात्र निराळी होती. भिंतीवर एकत्र कुटुंबाचा फोटो आहे, वाटणी बिलावर छापलेली आहे. एकाच नावाच्या दोन दुकानांत बस्ता विभागून घ्यायचा असेल, तर अदलाबदलीचा प्रश्न येण्याआधी ही दहा अक्षरे जुळतात का ते पाहून घ्यावे.

साड्या, खण आणि मानपानाची लुगडी मी यापुढेही खडेबाजारातूनच घेईन, जरी तिथे गाडी लावायला जागा नाही आणि फॉल-पिकोला चार दिवस लागतात. मुलांचे कपडे आणि आहेर टिळकवाडीत घ्यायला हरकत नाही. माझ्या क्रेडिट नोटीचे शेवटी पुतण्यांचे शाळेचे गणवेश आले आणि वरचे साठ रुपये मी रोख भरले.