एनपीटीईएलचा ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ कोर्स: माझा अनुभव आणि माझे नसलेले मार्क

एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) कोर्स करावा का, असं ज्युनियर मुलं-मुली सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी नाशिकला सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारी ते एप्रिलच्या सत्रात ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’चा, म्हणजे वजन पडल्यावर वस्तू किती सोसते आणि कशी वाकते या विषयाचा, १२ आठवड्यांचा कोर्स केला. आमच्याकडे त्याचे क्रेडिट धरतात, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच जणांनी नाव घातलं होतं.

आधी व्यवहाराचं. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तर १००० रुपये भरावे लागतात. आठवड्याला साधारण अडीच तासांची लेक्चर्स आणि एक असाइनमेंट, ती बुधवारी रात्री १२ च्या आत टाकायची. मुदतीपर्यंत कितीही वेळा बदलता येते, शेवटची धरतात. १२ पैकी सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी २५ मार्कांना. बाकीचे ७५ मार्क सेंटरवर जाऊन द्यायच्या तीन तासांच्या परीक्षेचे. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० पाहिजेत. एकूण ६० झाले की सर्टिफिकेटवर ‘एलिट’, ७५ ला ‘सिल्व्हर’, ९० ला ‘गोल्ड’.

शिकवणं खरंच चांगलं आहे. एकही पायरी गाळत नाहीत आणि समजलं नाही तर मागे नेऊन चारदा बघता येतं. पण सिटीलिंकच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून हा विषय होत नाही. मी तेही करून पाहिलं. वही, पट्टी, पेन्सिल घेऊन बसावंच लागतं.

आता जे सांगायला हे लिहायला घेतलं ते. नाव नोंदवताना आपण काही अटी मान्य करतो. असाइनमेंटची उत्तरं माझी मी सोडवीन आणि दुसऱ्याला पुरवणार नाही, असं त्यात असतं. मी ते न वाचताच टिक केलं. बुधवारी संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर उत्तरं यायची: १-बी, २-डी, ३-ए. कोणीतरी टेलिग्रामवरून उचललेली, नाहीतर प्रश्नाचा फोटो एआयला दाखवून मिळवलेली. मी पहिले चारही आठवडे तीच भरली. चारही वेळा १०० पैकी १००.

चौथ्या आठवड्याच्या रविवारी घरी गेले. आमची पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षाची बाग आहे, माल काढणीला आला होता. मांडव वाय पद्धतीचा, म्हणजे खांबावर इंग्रजी ‘वाय’सारखे दोन तिरपे लोखंडी अँगल. दोन ओळींतले काही अँगल वजनाने खाली वाकले होते. आप्पा त्यांना टेकू लावत होते. मला म्हणाले, “काय गं, सिव्हिलला आहेस ना? मग हा दरवेळी इथं बुडाशी वेल्डिंगपाशीच का वाकतो? टोकाला का वाकत नाही?”

मला सांगता आलं नाही. वजन तर टोकापर्यंत सगळीकडे आहे, एवढंच मी पुटपुटले. आणि चारच दिवसांपूर्वी मी याच प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं! कॅन्टिलिव्हरला, म्हणजे एकाच टोकाला पक्क्या धरलेल्या दांड्याला, सर्वांत जास्त बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम) कुठे येतो, तर जिथे तो पक्का धरलेला असतो तिथे. मी ‘सी’ भरलं होतं. वायचा एकेक हात म्हणजे कॅन्टिलिव्हरच, हे डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. आप्पा काही बोलले नाहीत, दुसरा टेकू घ्यायला गेले.

रात्री रूमवर येऊन पहिल्या लेक्चरपासून सुरुवात केली. पाचव्या आठवड्यापासून ग्रुप म्यूट केला. मला पुढे मिळालेले मार्क असे: ६०, ७०, ४०, ८०, ७०, ७०, ८०, ६०. चाळीसवाला आठवडा मोहरच्या वर्तुळाचा (ताण काढायच्या एका आकृतीचा) होता, तिथे माझी सगळी चिन्हं उलटी गेली. रूममेट उत्तरं मागायची. तिला सांगितलं की नुसती उत्तरं देणार नाही, पण बस, आपण मिळून लेक्चर बघू, गणितं मग आपापली करू. दोन आठवडे ती रुसली, मग बसायला लागली.

मार्चमध्ये आप्पांना कागदावर आकृती काढून दाखवली. दोन फुटांचा हात अडीच फुटांचा केला आणि फुटाला तेवढंच वजन धरलं, तर बुडाशी मोमेंट दीडपटीहून जास्त होतो, कारण लांबीचा वर्ग येतो. आप्पांनी तो कागद खिशात ठेवला.

परीक्षेत ७५ पैकी ५३.२५ पडले. ते पूर्ण माझे आहेत. सर्टिफिकेटवर असाइनमेंटचे २१.८८ आणि एकूण ७५, म्हणजे सिल्व्हर. घरी पेढे आणले. मग मी हिशोब मांडला. सर्वांत चांगल्या आठमध्ये माझी चार शंभरं आपोआप बसली होती. माझ्या स्वतःच्या आठ आठवड्यांची सरासरी काढली तर २५ पैकी १६.५६ होतात, एकूण ६९.८१. म्हणजे नुसतं एलिट. सिल्व्हर त्या ‘१-बी, २-डी’ने आणलं.

कोर्स करा, नक्की करा. आणि एक लक्षात घ्या, चार आठवडे बुडाले तरी चालेल अशी सोय नियमातच आहे. घरी काढणी असेल, आजारपण असेल, तर तो आठवडा सरळ सोडून द्या, कॉपी करायची गरजच पडत नाही. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खरं तर ते पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

कॉलेजच्या कोऑर्डिनेटर सरांना जाऊन सगळं सांगितलं. सर म्हणाले, सर्टिफिकेट आलंय, आपल्याकडून त्यात काही बदलता येत नाही. इंटर्नशिपसाठी बायोडेटा केला, त्यात सिल्व्हर लिहिलं नाही. ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, सेंटरवरची परीक्षा: ५३.२५/७५’ एवढंच लिहिलंय.