बंब की गॅस गिझर: जपायचं कुठे?

पाणी तापवायचा तांब्याचा बंब परसात नाहीतर मागच्या पडवीत पेटतो, हीच त्याची मोठी जमेची बाजू. धूर डोळ्यांना झोंबतो, माणूस आपोआप बाजूला होतो. गॅस गिझरचं तसं नाही. कोंदट न्हाणीघरात हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं गरगरायला लागेपर्यंत कडी काढायचंही बळ उरत नाही. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवा. आत बसवून खिडकी किलकिली ठेवणं मला अजिबात पटत नाही.

बंबाला मात्र शिस्त लागते. आधी पाणी, मग जाळ. जाळाच्या मधल्या नळीभोवती पाणी नसेल तर सांधे जोडणारे धातूचे डाग वितळतात आणि बंब गळू लागतो. जाळ मंदावला म्हणून वरून रॉकेल ओतू नका. निखाऱ्यांवर पडताच भडका थेट तोंडावर येतो. तोटीतून कढत पाणी येतं, तेव्हा बादलीत आधी गार पाणी घ्या आणि पोरांना लांब ठेवा.

वेळेच्या बाबतीत गिझर सरळ जिंकतो. पण अंगण असेल, सरपण कोरडं असेल, तर मी बंबच निवडेन. फ्लॅटमध्ये तो पेटवायचा विचारही नको: त्याच्या धुरातही तोच वायू असतो.