पान अर्ध्यात तुटतंय? ब्राउझरच्या मागे लागू नका, कर्ल चालवा

मावसभावाच्या हापूसच्या साइटचं सगळं मीच बघतो. यंदा ऐन सीझनला ऑर्डरींचं पान अर्ध्यावरच थांबायला लागलं, वर पन्नास-साठ नावं नीट दिसायची आणि खाली नुसतं पांढरं, क्रोमच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरात 'इनकम्प्लीट चंक्ड एन्कोडिंग', म्हणजे तुकड्यातुकड्यांनी येणारं पान मधेच तुटलं. कॅशे उडवली, इन्कॉग्निटोत उघडलं, राउटर बंद करून चालू केला, होस्टिंगवाल्यांना तीनदा फोन केला तर दरवेळी एकच, ब्राउझर अपडेट करा सर. भाऊ बिचारा पेट्या भरायच्या सोडून फोनवर.

शेवटी कर्ल, म्हणजे ब्राउझरशिवाय नुसती कमांड टाइप करून पान मागवायचं टूल, चालवलं आणि दहा मिनिटांत कळलं की ब्राउझरचा काहीच दोष नाहीये. डॅनियल स्टेनबर्ग यांनी 1998 मध्ये आणलेलं हे टूल, अजूनही फुकट. 'रॉ'चा पर्याय दिला की सर्व्हरने पाठवलेले तुकडे जसेच्या तसे दिसतात, प्रत्येकाच्या आधी त्याची साइझ हेक्समध्ये (सोळाच्या पटीतले आकडे), आणि सगळ्यात शेवटी साइझ शून्य यायला पाहिजे, म्हणजे माल पूर्ण पोचला. माझ्याकडे ते शून्य आलंच नाही, मधेच एरर 18, ट्रान्सफर बंद झालं पण डेटा बाकी आहे.

मग एन्जिनेक्सचा, म्हणजे आमच्याकडे ब्राउझरला पान पोचवणाऱ्या वेब सर्व्हरचा, एरर लॉग उघडला तर तिथे परमिशन डिनाइड, परवानगी नाही. एन्जिनेक्स त्याच्या मागे बसून पान तयार करणाऱ्या सर्व्हरचं उत्तर आधी मेमरीत धरतो, डिफॉल्टला आठ बफर म्हणजे कप्पे, प्रत्येकी 4 किंवा 8 केबी, त्यात मावलं नाही की उरलेलं डिस्कवरच्या टेम्प फोल्डरमध्ये लिहितो. आमच्या सर्व्हरवर एन्जिनेक्स ज्या युजरच्या नावाने चालतो तो बदलला होता पण फोल्डर जुन्याच युजरच्या नावावर. म्हणून ऑर्डरी कमी होत्या तोवर पान छान चालायचं आणि वाढल्या तसं तुटलं! फोल्डरची मालकी बदलली, पान पूर्ण.

कर्लला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा एवढ्याचसाठी कापला की काळी स्क्रीन बघून नवा माणूस घाबरतो आणि पर्याय इतके आहेत की कुठला घ्यायचा तेच कळत नाही. साइट एचटीटीपी 2 वर (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांचं नवं व्हर्जन) असेल तर हे तुकडे दिसणारच नाहीत, जुनं 1.1 मुद्दाम मागावं लागतं. विंडोज 10 मध्ये 2018 च्या 1803 व्हर्जनपासून कर्ल आयतंच येतं, फक्त पॉवरशेलमध्ये नुसतं कर्ल टाइप केलं तर भलतीच कमांड चालते, पुढे डॉट ईएक्सई लावा.