विद्यापीठाचं आरोग्य केंद्र आणि समुपदेशन कक्ष : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

"काहीही होऊ दे, तिथे एकच गोळी देतात." होस्टेलमध्ये नवीन आलेल्या मुलींना आरोग्य केंद्राबद्दल सीनिअर पहिल्यांदा हेच सांगतात. मीही पीएच.डी.ला आल्यावर हेच ऐकलं होतं. गेल्या जूनपासून मी हे केंद्र, तिथली प्रयोगशाळा आणि समुपदेशन कक्ष नियमित वापरते आहे, आणि हे मत चुकीचं आहे असं आता खात्रीने लिहिते. तिथे काय चांगलं चालतं, काय मोडतं आणि कशामुळे मोडतं, ते सविस्तर मांडते. विद्यार्थ्यांनी वाचावंच, पण शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनीही वाचावं. केंद्र त्यांच्यासाठीही आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

आधी सोय काय आहे ते. एक वैद्यकीय अधिकारी, दोन सिस्टर, एक लॅब टेक्निशियन, औषधांची खिडकी आणि एक अँब्युलन्स. ओपीडी सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६. ओळखपत्र दाखवलं की केसपेपर निघतो. साध्या रक्ततपासण्या विद्यार्थ्यांना मोफत, कर्मचाऱ्यांना नाममात्र दरात. हे सगळं विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतं. जे त्यात नसतं ते मला ऑगस्टमध्ये कळलं.

स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं रक्तदान शिबिर होतं. रक्त द्यायचं तर हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. माझं निघालं ९.६. रक्तपेढीच्या ताईंनी "पालेभाज्या खा, बीट खा" म्हणून परत पाठवलं. दर शिबिरात अशा कितीतरी मुली परत जातात आणि विषय तिथेच संपतो. आमच्याकडे मात्र केंद्रातल्या मोठ्या सिस्टर शिबिराच्या दारातच एक लांबट वही घेऊन बसल्या होत्या. परत पाठवलेल्या प्रत्येकीचं नाव, होस्टेलची खोली, फोन नंबर आणि हिमोग्लोबिनचा आकडा त्या लिहून घेत होत्या. "सोमवारी सकाळी ये. उपाशीपोटी यायची गरज नाही, खाऊनच ये," असं प्रत्येकीला सांगत होत्या.

सोमवारी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवून एमसीव्हीचा आकडा दाखवला. लाल पेशींचा आकार लहान झालाय, म्हणजे बहुधा लोहाची कमतरता. खात्री करायला शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बाहेरच्या लॅबला पाठवलं, तेही कमीच आलं. मग पाळीत रक्तस्राव किती होतो, मेसमध्ये काय जेवतेस, चहा कधी घेतेस, हे सगळं विचारलं. आमच्या मेसमध्ये सकाळी पोहे आणि चहा एकदमच येतात, आणि चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. चहा तासभर पुढे ढकल, गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, दूध आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नकोस. इतकं नीट समजावून मला आजवर कुणी औषध दिलेलं नाही. पुढे पोट फारच जड होऊ लागलं तेव्हा त्यांनी औषध बंद केलं नाही, गोळी एक दिवसाआड करून दिली.

महिन्याभराने प्रोग्रेस रिपोर्टच्या गडबडीत मी पुन्हा तपासायला गेले नव्हते, तर सिस्टरांचा फोन. "अगं, तुझी तारीख होऊन गेली. उद्या येतेस ना?" आकडा ११.२ झाला होता. मला वाटलं सुटलो. त्या म्हणाल्या, आता बरं वाटतंय म्हणून इथेच सगळ्या सोडतात आणि वर्षभरात परत येतात. आकडा वर आला तरी शरीरातला साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. जानेवारीत १२.८ आलं. ग्रंथालयाचे दोन जिने चढून गेल्यावर लागणारा दम आता लागत नाही. तो दम मी इतके दिवस रात्रीच्या जागरणावर टाकत होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. आमच्या मुलींच्या होस्टेलमध्ये यापेक्षा वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. म्हणून माझी पहिली मागणी: होस्टेलच्या प्रवेशाच्या वेळीच हिमोग्लोबिन तपासा. शिबिराची वाट कशाला बघायची? तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि खर्चही फार नाही.

त्या "एकाच गोळी"बद्दलही सांगते. ती गोळी पॅरासिटामॉल. सप्टेंबरमध्ये होस्टेलमागच्या रिकाम्या कूलरांमध्ये आणि बादल्यांमध्ये पाणी साचून डेंग्यू पसरला, तेव्हा माझ्या खोलीतल्या मुलीला ताप आला. अंग इतकं ठणकत होतं की ती बाहेरून वेदनाशामक गोळ्या आणायला निघाली होती. डॉक्टरांनी सक्त मनाई केली. डेंग्यूत आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. तापाच्या दुसऱ्या दिवशी एनएस-१ ही डेंग्यूची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली, मग रोज प्लेटलेट. ताप उतरला तेव्हा तिला वाटलं आता बरं होतंय, पण पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी त्याच क्षणी अँब्युलन्स काढून तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. ताप उतरल्यावरचे एकदोन दिवसच डेंग्यूत जास्त धोक्याचे असतात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आता समुपदेशन कक्ष. मी सर्वांत जास्त वापरलेली सेवा हीच आणि माझी तक्रारही इथलीच.

पूर्वी हा कक्ष विद्यार्थी विकास विभागाच्या शेजारी होता. शिष्यवृत्तीच्या रांगेतला प्रत्येक जण आत कोण जातंय ते बघायचा. आता तो आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. सर्दीसाठी आलेला आणि समुपदेशनासाठी आलेला एकाच दारातून आत शिरतात. एवढ्या एका बदलाने किती मुलं यायला लागली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या विद्यापीठांत अजून जुनी रचना आहे, त्यांनी बाकी काही करण्याआधी हे करावं.

मी गेले ती झोपेसाठी. फेलोशिपचे पैसे महिनोन्‌महिने अडकले होते, सेमिनार तोंडावर होता, आणि रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळा लागत नव्हता. समुपदेशक ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं: इथे बोललेलं मार्गदर्शकांकडे, विभागात किंवा घरी जाणार नाही, जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मला कुणाला तरी सांगावं लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिलाय, हेही सांगितलं. मग झोपेची नोंदवही सुरू झाली. किती वाजता आडवी झाले, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, सकाळी कधी उठले. पलंगावर बसून लॅपटॉप बंद. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, खुर्चीत बसून काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, डोळे जड झाले की परत जायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. पहिला आठवडा फार कठीण गेला. दिवसभर डोळ्यांवर झापड असायची. पण त्यानंतर हळूहळू झोप एकसलग होऊ लागली.

झोपेमागची गोष्ट पुढे निघाली. मार्गदर्शकांशी बोलणं व्हायचं एक आणि पुढच्या भेटीत अपेक्षा असायची दुसरीच. त्यावर ताईंनी धीराची वाक्यं ऐकवली नाहीत. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवायचा: आज हे ठरलं, या तारखेपर्यंत हे देईन. पहिला मसुदा आम्ही दोघींनी मिळून लिहिला. माझ्या पीएच.डी.ला या एका सवयीचा जितका आधार झाला, तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

आणि डिसेंबरमध्ये कक्षाला कुलूप लागलं. ताई ११ महिन्यांच्या करारावर होत्या, करार संपला. आम्हाला आधी कुणी कळवलं नाही, दारावर फक्त "पुढील सूचना मिळेपर्यंत" असा कागद. नव्या समुपदेशक रुजू होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. त्या चांगल्या आहेत, अभ्यासू आहेत. पण मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. माझ्यात ते पुन्हा सांगायचं बळ होतं. माझ्या ओळखीतली दोन मुलं मात्र परत गेलीच नाहीत. त्यातल्या एकाचं दुःख असं आहे की ते एकदा उच्चारायलाच त्याला कित्येक भेटी लागल्या होत्या.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत केंद्र यशस्वी झालं, कारण वही ठेवणाऱ्या सिस्टर कायम नोकरीत आहेत. ऑगस्टमध्ये नाव लिहिणारी आणि सप्टेंबरमध्ये फोन करणारी बाई एकच होती. समुपदेशनात तीच गोष्ट कराराने तोडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. ते फार चांगलं झालं. पण दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला तरी कागदावर पद भरलेलंच दिसतं. निदान करार तीन वर्षांचा करा, जुन्या आणि नव्या समुपदेशकांचा एक महिना एकत्र ठेवा, आणि विद्यार्थ्याची संमती असेल तर नोंदी पुढे द्या. आम्ही काही संशोधक विद्यार्थ्यांनी असा लेखी अर्ज दिला आहे.

कुलूप असलेल्या काळात मी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ही केंद्र सरकारची सेवा सुरू आहे. मध्यरात्री छातीत धडधडत असताना पलीकडे शांतपणे ऐकणारं माणूस मिळालं, याची किंमत मला ठाऊक आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही हेल्पलाइनही जुनी आणि भरवशाची आहे. रात्र काढायला हे फोन जवळ ठेवाच. दर वेळी तीच व्यक्ती मिळेल असं मात्र नसतं, त्यामुळे महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामाला कक्षच हवा.

कर्मचाऱ्यांबद्दल. आमच्या विभागातल्या क्लार्क काकांना मी ओढूनच केंद्रात नेलं होतं, डोकं दुखतंय म्हणत होते. सिस्टरांनी रक्तदाब मोजायला लगेच पट्टा बांधला नाही. चहा घेऊन अर्धा तास झालाय का विचारलं, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवलं, मग मोजलं. १५२/९६. आठवडाभरात वेगवेगळ्या वेळी पुन्हा मोजून, मगच औषध सुरू केलं. आता काका दर महिन्याला स्वतःहून जातात.

पण गेटवरच्या सुरक्षारक्षक दादांचा केसपेपर निघत नाही. सफाईच्या मावशींचाही नाही. ते ठेकेदाराचे, विद्यापीठाचे नाहीत, असं सांगतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं, कार्डही असतं, पण त्यांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. बीपी मोजायला एक दिवसाची मजुरी बुडवून कोण जाईल? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही ओळखीवर केसपेपर मिळतो, हक्काने मिळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्यांचा दिवस या आवारात जातो, त्या प्रत्येकाचा रक्तदाब या केंद्रात मोजला गेला पाहिजे.

व्यायामशाळा ठीक आहे. मुलींची वेळ दुपारी ३ ते ५ ठेवली आहे, जेव्हा सगळ्या प्रयोगशाळेत असतात. ती बदलली तर गर्दी होईल. योगवर्ग २१ जूनला भरतो आणि जुलैत ओस पडतो. मार्चअखेरीला औषधांच्या खिडकीवर बऱ्याच गोळ्या संपलेल्या असतात. त्या दिवसांत जवळचं जन औषधी केंद्र बघून ठेवा.

जानेवारीत सवलतीच्या दरात एचपीव्ही लसीचं शिबिर झालं, ते फार कमी मुलींना कळलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी ही लस; पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. १५ वर्षांच्या पुढे तिचे तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. ती २६ वर्षांपर्यंत देतात, म्हणून माझ्यासारख्या पीएच.डी.च्या मुलींनी पुढच्या वर्षावर ढकलू नये. माझे दोन झालेत, तिसरा जुलैत. तारीख सिस्टरांच्या वहीत आहे.

पहिल्यांदा जाणार असाल तर ओळखपत्र, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. सकाळी साडेदहाला परीक्षेच्या प्रमाणपत्रांची रांग असते, दुपारी साडेचारनंतर डॉक्टरांना निवांत बोलता येतं. समुपदेशनाची वेळ फोनवर मिळते, विभागाची चिठ्ठी लागत नाही. आणि केसपेपरवर फोन नंबर स्वतःचा, चालू असलेलाच लिहा, म्हणजे सिस्टरांचा फोन तुमच्यापर्यंत पोहोचेल.